वडिलांसाठी ‘दे’

इंग्रजीतली सर्वनामे मराठी मुलाच्या कानावर पहिल्यांदा पडतात तेव्हा त्यांतली बरीचशी त्याला आधीपासून ओळखीची वाटतात आणि तिथेच घोटाळ्याला सुरुवात होते. इंग्रजांचा ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’; पण मुलाच्या कानाला तो सरळ ‘मी’ असाच ऐकू येतो, त्यामुळे ‘मी गो स्कूल’ हे वाक्य त्याला अगदी बरोबर वाटते. इंग्रजांचा ‘ही’ पुरुषासाठी आहे. मराठीत मात्र ‘ही’ म्हटले की मुलगी, वही, खुर्ची किंवा विहीर डोळ्यांपुढे येते. त्यांचा अनेकवचनी ‘दे’ म्हणजे आपले ‘ते’, पण ‘दे’ हे आपल्याकडे सर्वनामच नाही, हात पुढे करून काही मागताना उच्चारायचा तो शब्द आहे. आणि ‘आय’ म्हटल्यावर आमच्या भागातली मुले एकमेकांकडे बघून हसायची, कारण त्यांच्या घरी आय म्हणजे चुलीपुढे बसलेली, शाळेला उशीर झाला म्हणून ओरडणारी त्यांची आई असे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवत होते. सर्वनामांचा तक्ता मी दरवर्षी जूनमध्ये फळ्यावर काढत असे, आणि नामाऐवजी येणारा शब्द म्हणजे सर्वनाम ही व्याख्या मुलांकडून पाठ करून घेत असे. त्या व्याख्येत काही उणे आहे, हे माझ्या लक्षात यायला पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि ते लक्षात आणून दिले आठवीतल्या एका मुलीच्या वहीने.

निबंधाचा विषय ‘माझे वडील’ असा होता. तिने लिहिले होते, ‘माय फादर इज अ फार्मर. दे वेक अप ॲट फाइव्ह. दे गो टू द फील्ड.’ पुढे पानभर वडिलांसाठी सगळीकडे ‘दे’ होते. मी तांबड्या शाईने प्रत्येक ‘दे’ खोडून वर ‘ही’ लिहीत गेले आणि शेवटी ‘एकवचन, अनेकवचन पुन्हा वाचावे’ असा शेराही दिला. मधल्या सुट्टीत ती वही घेऊन आली. तिला एकवचन आणि अनेकवचन चांगले येत होते. तिची अडचण वेगळीच होती. ती म्हणाली, “बाई, वडलांना ‘ही’ म्हटलं तर ‘तो’ म्हटल्यासारखं होतं ना?” मी तिला सांगितले की इंग्रजीत तसेच म्हणतात, त्यात अनादर नसतो. तिने मान डोलावली. पण मला दिसत होते की तिला नियम कळला असला तरी वडिलांना ‘तो’ म्हणण्यासाठी तिचे मन काही तयार झाले नव्हते.

ती वही मी त्या दिवशी पुन्हा उघडून पाहिली. आईविषयीची दोन वाक्ये त्याच निबंधात होती आणि तिथे तिने काहीही न अडखळता ‘शी’ लिहिले होते. यात तिची काहीच चूक नव्हती. आपल्या घरात बाबा ‘आले’ आणि आई ‘आली’. बाबांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’. वडील ‘ते’ आणि आई ‘ती’. आईला ‘त्या’ म्हणणारी घरे अगदीच थोडी, आणि तीच आई सून घरात आली की सुनेच्या तोंडी मात्र ‘त्या’ होते. हे मी जन्मभर बोलत आले होते, परंतु एका मुलीने ते इंग्रजीत जसेच्या तसे उतरवेपर्यंत मला ते दिसले नव्हते. शहरांतली पुष्कळ मुले आता बाबांनाही ‘अरे बाबा’ म्हणतात आणि मला ते मनापासून आवडते, कारण आई आणि बाबा दोघांना आता एकच ‘तू’ मिळतो. त्या मुलीच्या वहीत मात्र तिच्या घराची सगळी बैठक उतरली होती, कोण पाटावर आणि कोण जमिनीवर बसते तेही जणू त्यात दिसत होते, आणि मी त्यावर तांबडी रेघ ओढली होती. नामाऐवजी येणारा शब्द एवढेच जर सर्वनामाचे काम असते, तर ‘वडील’ या नामाऐवजी ‘तो’ घातल्याने कोणाच्याच मनाला काही लागले नसते.

त्यानंतर मी इंग्रजी सर्वनामांचा इतिहास मिळेल तिथून वाचू लागले, आणि पहिलीच गोष्ट कळली ती अशी की आपण ज्याला इंग्रजीचा साधेपणा म्हणतो, तो तिथे मुळात नव्हता. इंग्रजीलाही ‘तू’ होता. ‘दाऊ’ हा त्यांचा ‘तू’, आणि तो आपल्या ‘तू’चा, संस्कृतातल्या ‘त्वम्’चा दूरचा भाऊच लागतो, त्यांचा ‘वुई’ आणि आपला ‘वयम्’ हेही याच नात्यातले. जुन्या इंग्रजीत ‘आपण दोघे’ आणि ‘तुम्ही दोघे’ यांसाठी द्विवचनाची स्वतंत्र सर्वनामे होती. संस्कृतातले द्विवचन प्राकृतांपर्यंत येताना जसे गळाले, तसे इंग्रजीतलेही तेराव्या शतकापर्यंत गळून गेले. ‘यू’ हे तर मुळात अनेकवचनी होते, तेही ‘तुम्हांला’ या अर्थाने. कर्त्याच्या जागी ‘यी’ असे वेगळे रूप होते. फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकल्यानंतर दरबारात फ्रेंच रीतीचे वजन वाढले आणि तेराव्या शतकापासून पुढे एका माणसालाही आदराने अनेकवचनी संबोधण्याची प्रथा इंग्रजीत रुजली, म्हणजे तिथेही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ झाले. धनी नोकराला ‘दाऊ’ म्हणे आणि नोकर धन्याला ‘यू’ म्हणे. आपल्याकडे भांडण पेटले की ‘एकेरीवर येणे’ असे आपण म्हणतो. ते एकेरीवर येणे त्यांच्याकडेही अगदी तसेच होते. १६०३ साली विंचेस्टर येथे सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी बाजू मांडणारे एडवर्ड कोक भर न्यायालयात त्यांच्यावर ओरडले, ‘आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!’ शब्दकोश घेऊन बसणाऱ्याला हे वाक्य सहज उलगडणार नाही. मराठी माणसाला मात्र ते क्षणात कळते: तुला मी अरे-तुरेच करणार, देशद्रोह्या! सर्वनामाचे क्रियापद करून एका सरदाराची अब्रू घेतली जात होती.

याच शतकात इंग्लंडमध्ये क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक उलट्या बाजूने हेच सर्वनाम घेऊन उभे राहिले. जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे अनुयायी यांचे म्हणणे असे होते की देवापुढे सगळी माणसे सारखी असतील तर एका माणसाला अनेकवचनी बोलणे हे खोटेही आहे आणि खुशामतीचेही आहे. म्हणून ते न्यायाधीशालाही ‘दी’ आणि ‘दाऊ’ म्हणत आणि त्याच्यासमोर टोपीही काढत नसत. यासाठी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला आणि तुरुंगही भोगला. मला हे वाचताना वारंवार वाटत राहिले की समानतेकडे जाणाऱ्या दोन वाटा तिथे समोरासमोर होत्या. क्वेकर सगळ्यांना ‘तू’ म्हणून समान करू पाहत होते. समाज मात्र सगळ्यांना ‘तुम्ही’ म्हणू लागला, कारण शहरात समोरचा माणूस कोणत्या पायरीवरचा आहे हे ओळखता येईनासे झाले की ‘तुम्ही’ म्हणण्यातच सुरक्षितता असते. अखेर ‘यू’ जिंकले. मजूर असो, राणी असो, पाळण्यातले बाळ असो किंवा कुत्रा असो, इंग्रज सर्वांना अहो-जाहोच करतो; त्याच्या जवळच्या माणसाला हाक मारायचा ‘तू’ मात्र त्याच्या रोजच्या बोलण्यातून गेला, तो काही बोलींपुरता उरला. इंग्रजीत आदर नाही असे आपल्याकडे पुष्कळ लोक म्हणतात. मला आता उलटे वाटते, की त्या भाषेने सर्वांना आदर देऊन टाकला आणि त्याची किंमत म्हणून सलगी गमावली.

‘दाऊ’ टिकला तो मुख्यतः प्रार्थनेत. विद्यार्थी असताना मी स्वतः असे समजत होते की ‘दाऊ’ हा फार थोर, देवालाच साजेल असा आदरार्थी शब्द असावा, आणि माझ्या ओळखीच्या कित्येक इंग्रजी शिक्षकांचीही तशीच समजूत होती. वस्तुतः बायबलचे इंग्रजी भाषांतरकार एकवचनाला ‘दाऊ’ आणि अनेकवचनाला ‘यी’ घालत होते, कारण मूळ हिब्रू आणि ग्रीकमध्ये तसा फरक आहे. त्यामुळे १६११ च्या भाषांतरात देव माणसाला, माणूस देवाला आणि सैतानालाही एकेरीतच बोलतो. नंतर बोलण्यातून ‘दाऊ’ नाहीसा झाला, देवघरात तेवढा राहिला आणि म्हणून तो थोर वाटू लागला. आपला विठोबा घ्या. तुकोबांपासून पंढरीच्या वाटेवरच्या म्हातारीपर्यंत बहुतेकांनी त्याला बहुधा ‘तू’च म्हटले. इंग्रज माणसाची प्रार्थना आणि वारकऱ्याचा अभंग दोन्ही एकेरीत आहेत, हे एकदा नववीच्या वर्गात सांगितले तेव्हा मुले एरवी ज्या शांततेत ऐकत नाहीत तशी शांत झाली होती.

आता पुन्हा तक्त्याकडे. मराठी मुलाच्या वाक्यातून इंग्रजी सर्वनाम वरचेवर गळून पडते, ‘केम लेट’, ‘इज रेनिंग’ अशी वाक्ये येतात, आणि शिक्षक त्याला निष्काळजीपणा समजतात. पण मराठीत ‘जेवलास का?’ एवढे म्हणताच समोरचा एक आहे, पुरुष आहे आणि जवळचा आहे, हे सगळे क्रियापदाच्या शेपटीत आलेले असते. वेगळे ‘तू’ म्हणण्याची गरजच राहत नाही. इंग्रजीचे प्रत्यय शतकानुशतके झिजत गेले, ‘गो’ म्हटल्यावर कोण जातो हे कळेनासे झाले, म्हणून तिथे सर्वनामाला प्रत्येक वेळी हजर राहावे लागते. पाऊस पडायलाही ‘इट’ लागतो. आणि जी नामे पूर्वी विभक्तीप्रमाणे बदलत ती बदलेनाशी झाल्यावर ‘आय’ आणि ‘मी’, ‘ही’ आणि ‘हिम’ अशा जोड्यांतच मुख्यतः जुन्या विभक्ती जिवंत राहिल्या. मराठी मुलाला हे कठीण जाऊ नये, कारण ‘मी, मला, माझा’ तो पाळण्यातून शिकून येतो. त्याला फक्त कोणीतरी हे सांगायला हवे की हा तक्ता परका नाही.

लिंगाचा प्रकार मात्र खरोखर निराळा आहे. आपल्याकडे फळा तो, खुर्ची ती आणि टेबल ते. इंग्रजीत तिन्ही ‘इट’. पण याहून मला जास्त विचार करायला लावले ते प्रथम पुरुषाने. ‘मी शिकवत होते’ असे या लेखाच्या सुरुवातीलाच मी लिहिले, आणि त्या एका ‘होते’ने मी स्त्री आहे हे वाचकाला न विचारता सांगून टाकले. इंग्रजीत हाच लेख लिहिला असता तर शेवटपर्यंत ते कळू न देणे मला शक्य होते. तिथला ‘आय’ ना बाई आहे ना बुवा. मराठी स्वतःविषयी बोलायला लागताच लिंग विचारते, आणि इंग्रजी दुसऱ्याविषयी बोलायला लागताच विचारते, तेही तो दुसरा एकटा असेल तरच.

आणि हे विचारणे नुसते व्याकरणापुरते राहत नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या आठव्या कलमात असे लिहिले होते की ‘ही’ हे सर्वनाम आणि त्याची रूपे स्त्री-पुरुष कोणत्याही व्यक्तीसाठी वापरली आहेत. चोरी केली, खून केला तर ‘ही’मध्ये स्त्री नक्की धरली जात होती. परंतु कलकत्ता विद्यापीठाची कायद्याची पदवी घेतलेल्या रेजिना गुहा यांनी १९१६ मध्ये वकिलीची सनद मागितली, तेव्हा कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी त्यांचा अर्ज नामंजूर केला. पुल्लिंगी शब्दांत स्त्रीलिंग अंतर्भूत समजावे अशी सर्वसाधारण तरतूद कायद्यात होती. तरीही वकिलांविषयीच्या कायद्यातला ‘ही’ पुरुषापुरताच ठरला. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली होती. त्यांना वकील म्हणून नोंद मिळायला १९२१ साल उजाडले, तेही अलाहाबादला, आणि स्त्रियांना केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून वकिली नाकारता येणार नाही असा कायदा १९२३ साली झाला. शिक्षेसाठी ‘ही’मध्ये स्त्री बसते आणि सनदेसाठी बसत नाही, हे वाचल्यावर मला राग आला आणि तो अजून गेलेला नाही. सर्वनाम हा किरकोळ शब्द आहे असे ज्यांना वाटते त्यांनी त्या पाच न्यायाधीशांपुढे रेजिना गुहा कशा उभ्या राहिल्या असतील याची कल्पना करावी.

आपल्या राज्यघटनेच्या इंग्रजी प्रतीतही राष्ट्रपती ‘ही’च आहेत. छप्पन्नाव्या अनुच्छेदात ‘ही’ ज्या दिवशी पदग्रहण करतील तेव्हापासून पाच वर्षे, अशी शब्दयोजना आहे, आणि २००७ साली जळगावच्या प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती झाल्या तेव्हा त्याच ‘ही’खाली त्या पाच वर्षे पदावर होत्या. आता दंड संहितेच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत ‘ही’च्या व्याख्येत स्त्री-पुरुषांबरोबर तृतीयपंथी व्यक्तीही स्पष्टपणे घेतली आहे. व्याख्या रुंदावली, शब्द मात्र तोच राहिला.

ज्या ‘दे’मुळे हे सगळे सुरू झाले, त्याची कुळकथा मला सर्वांत आवडते. तो शब्द मुळात इंग्रजीचा नाहीच. जुन्या इंग्रजीत ‘तो’, ‘ती’ आणि ‘ते’ अनेकवचनी यांची रूपे उच्चारात एकमेकांच्या इतकी जवळ आली होती की ऐकणाऱ्याचा गोंधळ व्हावा. तेव्हा उत्तर आणि पूर्व इंग्लंडमध्ये वसलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतून ‘दे’ शेजाऱ्यांच्या तोंडी आला आणि हळूहळू दक्षिणेकडे पसरला. भाषा उसनवारीत नामे सहज घेते, सर्वनामे फार क्वचित घेते. ती घ्यायला माणसे एका बांधावर राहावी लागतात, एकमेकांत लग्ने व्हावी लागतात. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसर कर्त्याच्या जागी ‘दे’ लिहितो, पण ‘त्यांना’ म्हणण्यासाठी अजून जुना ‘हेम’च वापरतो. त्याच शतकापासून, कोण ते ठाऊक नसलेल्या एका माणसासाठीही ‘दे’ वापरलेला सापडतो. पुढे व्याकरणकारांनी त्याला चूक ठरवले आणि त्यांच्यामागून आम्ही शिक्षकांनीही ठरवले. आता ज्यांना ‘ही’ही नको आणि ‘शी’ही नको अशी माणसे स्वतःसाठी तोच मागतात, आणि २०१९ साली मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन कोशाने वर्षाचा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. माणूस एक असला तरी क्रियापद ‘आर’च येते, जसे एका ‘यू’लाही ‘आर’ येते, आणि जसे एकटे बाबा दारात असले तरी ‘बाबा आले’ असेच आपण म्हणतो.

त्या मुलीचा ‘दे’ तरीही चुकीचाच होता, हे मी आजही म्हणेन, कारण इंग्रजी ‘दे’मध्ये आदर नाही आणि वाचणाऱ्याला तिच्या घरात दोन वडील आहेत असे वाटले असते. पण ती वही आज माझ्या हातात आली तर मी खोडणार नाही. समासात लिहीन, की तुझ्या मनातला ‘ते’ मला दिसला, इंग्रजीला तो दाखवता येत नाही, म्हणून इथे ‘ही’ लिही आणि आदर पुढच्या वाक्यात लिही. हे मी पुढच्या बारा-तेरा वर्षांत पुष्कळ मुलांना सांगितले. तिला सांगायचे राहिले. ती दहावीनंतर लग्न होऊन गेली.

‘वुई’विषयी मी मुद्दाम शेवटी बोलते आहे, कारण तिथे इंग्रजीपेक्षा मराठी श्रीमंत आहे. ‘आम्ही जेवायला चाललो’ आणि ‘आपण जेवायला चाललो’ यांत ऐकणाऱ्याचे पान मांडले आहे की नाही एवढा मोठा फरक आहे, आणि इंग्रजी ‘वुई’ हा फरक करतच नाही. आमच्या शाळेत परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हटली जात असे. नववीच्या वर्गात मी एकदा इंग्रजी उद्देशिका फळ्यावर लिहिली, ‘वुई, द पीपल ऑफ इंडिया’, आणि मुलांना या ‘वुई’चे मराठी करायला सांगितले. निम्म्या वर्गाने ‘आपण’ लिहिले, निम्म्याने पाठ असल्यामुळे ‘आम्ही’. मग वाद सुरू झाला. एकजण म्हणाला, देश सगळ्यांचा तर ‘आपण’ हवे. एक मुलगी म्हणाली, ‘आपण’ म्हटले तर बोलणाराही आपल्यातला आणि ऐकणाराही आपल्यातला, मग हे सांगतोय कोणाला? मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “बाई, ‘आम्ही’ म्हटल्यावर ऐकणारा बाहेर राहतो ना? मग परिपाठाला तुम्ही म्हणता आणि आम्ही ऐकतो, तेव्हा आम्ही बाहेर का?”

आमच्याकडे तोवर रीत अशी होती की शिक्षकाने माइकवर एक-एक ओळ म्हणायची आणि मुलांनी मागून म्हणायची. दुसऱ्या दिवशी मी माइकजवळ गेले नाही. नववीच्या रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिले, त्या मुलाच्या मागे, आणि पहिला शब्द सगळ्यांनी एकदम उचलला.